तरुण संघाच्या शिबिरात सर्वांना खेळता येतील असे खेळ कसे आखावेत?

आपण विचारले आहे की नाताळाआधीच्या शिबिरात कोणते खेळ घ्यावेत, कारण आपल्या संघात एक मुलगा कुबडी घेऊन चालतो आणि एका मुलीला फार कमी दिसते. माझे पहिले सांगणे असे की, त्या दोघांना गुण लिहायला बसवू नका. बहुतेक मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, हेच होते, आणि ते मायेपोटी केले जाते म्हणून कुणाला त्यात वावगे वाटत नाही. पण वही-पेन देऊन मैदानाच्या कडेला बसवलेल्या मुलाला आपण खेळात घेतले, असे म्हणता येत नाही.

हे मी ठामपणे लिहिते, कारण माझा धाकटा भाऊ कित्येक वर्षे तसा बसला. आम्ही नवापूर तालुक्यातले, मावची या आदिवासी समाजातले. आई-वडील दोघेही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक. मी त्यातून सुटले आणि भावाला पूर्ण आजार आला. दिसायला मात्र तो धडधाकट. डिसेंबरातल्या एका शिबिरात भल्या सकाळी पोत्यांची शर्यत, मग गार पाणी ओंजळीने वाहून बादली भरण्याचा खेळ आणि लगेच खो-खो, असा कार्यक्रम होता. भाऊ मध्येच खाली बसला, तेव्हा शिबिराचे प्रमुख त्याला सर्वांसमोर आळशी म्हणाले. त्या रात्री त्याचे गुडघे आणि पाठ इतकी दुखू लागली की दवाखान्यात नेऊन सलाईन लावावी लागली. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेदना सुरू होतात. अंगातले पाणी कमी होणे, थंडी आणि अतिश्रम ही त्याची नेहमीची निमित्ते. त्या सकाळी तिन्ही एकत्र आली होती. पुढच्या शिबिरापासून भावाच्या हाती गुणांची वही आली.

मी तेव्हा प्रमुखांशी बोलले. त्यांचे म्हणणे होते की तो आजारी आहे, अपंग नाही, म्हणून त्याच्यासाठी खेळ बदलण्याचे कारण नाही. शिवाय चुरस काढून टाकली तर तरुण मुले संघात टिकणार नाहीत. पहिल्या मुद्द्याचे उत्तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातच आहे, कारण त्यातील 21 प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. दुसऱ्याचे उत्तर संघाची जबाबदारी माझ्याकडे आल्यावर मैदानावरच मिळाले.

आम्ही लगोरी घेतली. दगड रंगावली नदीच्या पात्रातून आणलेले, चपटे. नियम एकच बदलला: लगोरी फोडणाऱ्या संघाचा एक रचणारा लगोरीपाशी गोणपाटावर बसेल, त्याला चेंडू मारायचा नाही, बाकीच्यांनी चेंडू चुकवत विखुरलेले दगड गोळा करून त्याच्या हातात द्यायचे, पण रचायचे फक्त त्याने. भाऊ प्रत्येक दगड हातात फिरवून अंगठ्याने त्याची सपाट बाजू चाचपत असे, आणि चहूबाजूंनी 'ठेव, ठेव' असा ओरडा चाललेला असतानाही घाई करत नसे. घाई करणाऱ्यांची लगोरी चौथ्या-पाचव्या दगडाला कोसळायची, त्याची उभी राहायची. थोड्याच दिवसांत रचणारा म्हणून तो आपल्याकडे असावा, यासाठी दोन्ही संघांत वाद होऊ लागले. चुरस कमी झाली नाही, वाढली.

म्हणून खेळ सोपा करण्याच्या मागे लागू नका. ज्यावाचून गुणच मिळणार नाही आणि ज्याला धावावे लागत नाही, असे एक काम खेळात निर्माण करा. कुबडी वापरणाऱ्या मुलाला हीच लगोरी चालेल. कमी दिसणाऱ्या मुलीसाठी चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. जमिनीवरून घरंगळत येताना तो सळसळतो, आणि सर्व जण गोल बसून खेळले की कानावर खेळता येते. तिच्यासमोर आंधळी कोशिंबीर मुळीच घेऊ नका. संगीत खुर्चीही मला पटत नाही, कारण जो सर्वांत कच्चा तो सर्वांत आधी बाद होतो आणि सर्वांत जास्त वेळ नुसता बसतो. बायबल प्रश्नमंजूषेत वचन शोधून मोठ्याने वाचण्याची सक्ती नसावी. शाळा लवकर सोडावी लागलेल्या मुलालाही उत्तर माहीत असते, ते मावचीत किंवा अहिराणीत दिले तरी पूर्ण गुण द्यावेत.

जी मुले कबड्डीत तरबेज आहेत, त्यांना गावात संघ आहेत, शाळेत स्पर्धा आहेत. माझ्या भावाला मात्र मंडळीशिवाय दुसरे मैदान नव्हते. चुरशीचे कारण सांगून अशा मुलाला बाहेर बसवणारे तेव्हाही चुकीचे होते आणि आजही आहेत, मग ते वयाने आणि मानाने कितीही मोठे असोत.

मात्र माझ्या लगोरीवर विसंबून त्या दोघांना न विचारता काही ठरवू नका. कदाचित त्या मुलाला कुबडीसह धावायचेच असेल, आणि कदाचित ती मुलगी उजेडात पांढरा चेंडू नीट पाहू शकत असेल. खो-खोही बंद करू नका. ज्यांना हवा त्यांना संध्याकाळी खेळू द्या, फक्त त्याचे गुण शिबिराच्या बक्षिसात धरू नका. आपल्या संघात भिल्ल, पावरा, गावित किंवा मावची मुले असतील तर सिकलसेलबद्दल पालकांना आधी एकांतात विचारा. 2023 पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होत असल्याने अनेक घरांत त्याचे कार्ड असते. आजार असलेल्या मुलाने किती श्रम करावेत हे त्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, पाण्याची बाटली त्याच्याजवळ ठेवा आणि तो बसला तर कारण विचारू नका. शिबिर तोरणमाळसारख्या थंड ठिकाणी असेल, तर सकाळचे खेळ ऊन चांगले चढल्यावरच सुरू करा आणि पाण्याचे खेळ मे महिन्यासाठी ठेवा.