रँक सहावर अडकली असेल तर आधी लॉगची फाइल उघडून बघा

टाकी थंड ठेवणारा व्हॉल्व्ह किती उघडायचा याचा सर्वोत्तम नियम मॉडेलशिवाय, नुसत्या लॉगमधून शिकायचा आणि समीकरणांची रँक (खरोखर स्वतंत्र समीकरणं किती) अडकते, ही तुमची पोस्ट वाचली आणि आमचं जुनं दुखणं समोर आलं. दिंडोरीकडची वायनरी, फर्मेंटेशनची टाकी, थंड ग्लायकॉल फिरवणारं जॅकेट, सहा महिन्यांचा लॉग, आणि तरी रँक काही सहाच्या पुढे सरकत नाही. एकांनी न्यूरल नेटवर्क मोठं करायला सुचवलंय. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका.

रसाचं तापमान, जॅकेटचं तापमान आणि एररचा (सेटपॉइंटपासूनच्या फरकाचा) इंटिग्रल, म्हणजे साठत जाणारी बेरीज, अशा तीन स्टेट (टाकीची स्थिती सांगणारे आकडे), व्हॉल्व्ह एक. पी मॅट्रिक्सचे (नियंत्रणाचा खर्च मोजणारा तक्ता) सहा आणि गेनचे (कुठल्या स्टेटला व्हॉल्व्ह किती हलवायचा ते गुणक) तीन, असे नऊ अज्ञात. तुमचा सगळा डेटा चालू पीआय लूपचा (एरर आणि त्याची बेरीज बघून व्हॉल्व्ह हलवणारा नेहमीचा कंट्रोलर), तोही एकाच सेटपॉइंटवरचा. व्हॉल्व्ह स्टेट बघूनच हलतोय, मग त्याचा परिणाम वेगळा निघणार कुठून? सहा वर्षांचा लॉग आणलात तरी सहाच. सर्वोत्तम गेन टप्प्याटप्प्याने काढायच्या क्लाइनमनच्या १९६८ च्या पद्धतीला यंत्रणेचं मॉडेल लागायचं. जियांग-जियांग यांनी २०१२ मध्ये ती गरज काढून टाकली, पण रँकची अट ठेवली. म्हणजे व्हॉल्व्हला लूपबाहेरचं एक्सायटेशन (मुद्दाम दिलेली हालचाल) द्यावंच लागतं. हे तुम्ही वाचलं असेलच.

आमचा घात झाला तो याच्या पुढे. एक्सायटेशन दिलं, वाइनमेकरच्या परवानगीने व्हॉल्व्ह पाच-पाच टक्के वर-खाली केला, तरी पी कधी ऋण, कधी भलताच मोठा. डेटा सिस्टिम ज्यांनी बसवली त्यांच्या सर्व्हिस ऑफिसला विचारलं, तर 'साहेब, रॉ डेटाच आहे'. नाव घेत नाही. शेवटी फाइल ओळीओळीने वाचली. तापमान १६.५ आणि १७.० च्या मधले सगळे आकडे अगदी सरळ रेषेत, प्रत्येक ओळीत तेवढीच वाढ. खरा सेन्सर असा कधीच वागत नाही. सिस्टिम अर्ध्या अंशाचा बदल झाला तरच नोंद ठेवत होती आणि एक्सपोर्ट करताना मधली जागा रेषेने भरत होती. पाच टक्क्यांनी तापमान हलणार ते दोन-तीन दशांश. ते सगळं गिळलं गेलं. त्याहून वाईट म्हणजे रेष मागच्या नोंदीपासून ओढली जाते, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडायच्या आधीच रस थंड व्हायला लागलेला दिसतो. असल्या डेटातून कुठलाही अल्गोरिदम काय शिकणार!

एक सेटिंग बदलायचं होतं. पण सर्व्हिसवाले म्हणाले, ते एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) बसत नाही, मेल करा, हेड ऑफिसला विचारतो. तोवर मार्च संपला, तोड संपली. नाशिकला द्राक्षाचा हंगाम वर्षातून एकदाच येतो, म्हणजे वर्ष गेलं. आजही त्याचा राग येतो, कारण त्यांना सेटिंग ठाऊक होतं.

म्हणून माझं मत ठाम आहे: स्वतःचा लॉगर लावा. वेगळा पीटी-१०० (तापमानाचा सेन्सर), दहा सेकंदांचं सॅम्पलिंग, आणि व्हॉल्व्हची कमांड नाही तर खरी पोझिशन नोंदवा. ग्लायकॉल हेडरचं तापमानही घ्या. शेजारच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला की ते चढतं आणि दोष तुमच्या मॉडेलच्या माथी येतो. एक्सायटेशनला कागदावरच्यासारख्या जलद साइन लाटा नकोत, रसाला हलायला वेळ लागतो. कमी-जास्त लांबीच्या पायऱ्या द्या. तोडीआधी टाकीत पाणी भरून हे सगळं एकदा करून घ्या. त्यात यीस्टची उष्णता नसेल, पण जॅकेट आणि लॉगर दोन्ही कळतात.

सुरुवातीचा गेन चालू पीआयमधूनच घ्या, पॉलिसी इटरेशनला (हाती असलेला गेन सुधारत जाणारी ही वरचीच पद्धत) सुरुवातीला लूप स्थिर ठेवणारा गेन लागतो. व्हॅल्यू इटरेशनला (पी सुधारत नेणारी दुसरी पद्धत) लागत नाही, पण मला ते फार रेंगाळणारं वाटतं. स्टेट स्केल करा (सगळे आकडे सारख्या पट्टीत आणा), आणि नुसती रँक नऊ आली म्हणून खूश होऊ नका, कंडिशन नंबर (छोट्या चुकीने उत्तर किती बिघडतं ते) बघा. फर्मेंटेशनची उष्णता दिवसागणिक बदलते, तेव्हा एका गणिताला थोड्या तासांचाच तुकडा घ्या. ही पद्धत ऑफ-पॉलिसी आहे, म्हणजे डेटा दुसऱ्या गेनने गोळा केलेला असला तरी चालतो, तोच तुकडा प्रत्येक इटरेशनला चालतो.

मी प्राध्यापक नाही, प्लांटवरचा माणूस आहे, आणि तुमच्या टाकीचं गणित वेगळं असू शकतं. नवा गेन चढवताना पीआयवर परतायचा स्विच ठेवा आणि पहिल्या रात्री कुणाला तरी टाकीपाशी बसवा. तुमच्या फाइलमधल्या सलग पन्नास ओळी इथे टाका, रेष आहे की सेन्सर ते लगेच सांगतो.