पामीरच्या रस्त्यावर शाकाहारी माणसाचं कसं होणार?

प्रश्न: ताई नमस्कार, मी आणि मिसेस दोघंही साठीच्या पुढचे, लडाख दोनदा स्वतःच्या गाडीने केलंय. आता ताजिकिस्तानच्या पामीर हायवेचं डोक्यात घेतलंय. पण आम्ही पक्के शाकाहारी, आणि तिथे म्हणे लोक रस्त्यावरून घरात ओढून नेऊन जेवायला घालतात. नाही म्हटलं तर राग येईल का? पैसे द्यायचे का? – एक वाचक, सांगली

उत्तर: काका, लडाख दोनदा केलंय म्हणजे धूळ, घाट, दरडी याचं तुम्हाला काही सांगायला नको, त्यामुळे रस्त्याचं थोडक्यात उरकते. राजधानी दुशान्बे ते पामीरमधलं मुख्य शहर खोरोग साधारण ६०० किमी, पण किलोमीटर बघून वेळ काढू नका, अख्खा दिवस जातो आणि वर थोडी रात्रही, खाली पंज नदी आणि पलीकडे अगदी हाकेच्या अंतरावर अफगाणिस्तानातली गावं. स्वतः चालवायचा हट्ट सोडा, ड्रायव्हरसकट जीप घ्या. खोरोगहून थेट मुर्गाबला मात्र जाऊ नका हं, खोरोग २१०० मीटरच्या आसपास आणि मुर्गाब ३६००, एका दिवसात एवढं चढलात तर डोकं धरून बसाल. वाखान खोऱ्यातून इश्काशिम, लांगर असे मुक्काम करत चढा. पुढे कारा-कुल तलावाकडे गेलात तर अक-बैताल खिंड ४६५५ मीटरची आहे. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.

आता खाण्याचं. तिथे 'मांस नको' म्हटलं की सूपमधला मटणाचा तुकडा बाहेर काढून तेच सूप तुमच्यापुढे येतं, आणि त्यांच्या दृष्टीने ते झालंच की शाकाहारी! बिचाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. 'बेझ म्यासा' हे रशियन शब्द पाठ करा, म्हणजे मांसाशिवाय, आणि ड्रायव्हरला आदल्या दिवशीच होमस्टेवाल्यांना फोन करायला लावा, ऐनवेळी सांगून काही उपयोग नाही कारण तोवर पातेलं चुलीवर चढलेलं असतं. मग बटाटे, अंडी, भात, टोमॅटो-काकडी, दही आणि नान मिळतो. अंडंही चालत नसेल तर मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर न्या, मी नेली होती, निम्मी होमस्टेच्या आजींनीच संपवली. सकाळी शिरचोय मिळेल, म्हणजे मीठ आणि लोणी घातलेला दुधाचा चहा, त्यात नान कुस्करून खातात. लडाखचा गुरगुर चहा आवडला असेल तर हाही आवडेल, नसेल तर... बघा बुवा.

रागाचं म्हणाल तर, आपल्याकडे पंगतीत जिलबीचा आग्रह होतो ना, तसंच आहे ते. हात छातीवर ठेवून 'रहमत', म्हणजे धन्यवाद, म्हणा, एक घास नानचा तोडा, मग पुढचं नाही म्हटलं तरी कुणी मनाला लावून घेत नाही. पण तो एक घास घ्याच. नान उलटा ठेवायचा नाही. आणि कप अर्धाच भरला म्हणून हे कंजूष आहेत असं समजू नका (मी समजले होते, लाज वाटते सांगायला), अर्धा भरतात म्हणजे तुम्ही अजून बसावं, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून!

पैशांचं सोपं आहे. होमस्टे असेल तर रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून किती ते पोचल्यावरच विचारून घ्या, त्यात संकोच नको, त्यांचं पोट आहे त्यावर. पण वाटेत कुणी नुसतं चहाला बोलावलं तर नोटा पुढे करू नका, ते फार लागतं लोकांना. मी टिकल्यांची पाकिटं आणि चहापत्ती नेली होती, टिकल्या लगेच कपाळावर चढल्या आणि मग मिथुनची चौकशी सुरू झाली, ती तासभर चालली.

काकूंच्या गुडघ्यांचं तेवढं बघा, कारण पामिरी घरात सगळं चौथऱ्यावर, जेवणही आणि झोपणंही, कुरपाचा नावाच्या गाद्यांवर. संडास अंगणाच्या टोकाला आणि उकिडवं बसायचा. टॉर्च हाताशी ठेवा.

ई-व्हिसा भरताना गोर्नो-बदख्शानचं, म्हणजे पामीर ज्या प्रांतात येतो त्याचं, परमिट टिक करायला विसरू नका, त्याशिवाय पामीरच्या चेकपोस्टवरून परत पाठवतात. रोख रक्कम खोरोगलाच काढा, मुर्गाबच्या एटीएमच्या भरवशावर जाऊ नका.