आधी मीटरचा लाल दिवा मोजा, मग पंख्यांकडे बघा

तुमचा प्रश्न वाचला. बोरिवलीत वन बीएचके, घरात चार माणसं, एसी नाही, तरी मागचं बिल २२८ युनिटचं आणि मे महिन्याचं ३४१ चं. मीटर पळतोय का, बदलायला अर्ज करू का, असं विचारलंय तुम्ही. अर्ज नंतरही करता येईल, आधी थोडा हिशोब करू.

बिलांच्या तारखा दिल्यात ते फार बरं झालं. मागचं बिल २८ दिवसांचं होतं, हे ३३ दिवसांचं आहे. म्हणजे रोजचे ८.१ युनिट होते, ते १०.३ झाले. वाढ झालीये, पण दिवसाला सव्वादोन युनिटची. म्हणून मी सगळ्यांना सांगते की बिलाचे रुपये बघू नका, युनिट बघा आणि दिवसांनी भागा. रुपयांमध्ये स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, १६ टक्के वीज शुल्क असं बरंच काही मिसळलेलं असतं. आणि ३०० ओलांडले की सगळ्याच युनिटना महाग दर लागतो हे खरं नाही. वरचा दर फक्त त्या मर्यादेच्या वरच्या युनिटना लागतो. त्याचा फायदा असा की तुम्ही जे वाचवाल ते आधी महागड्या युनिटांतून कमी होईल.

आता हे सव्वादोन युनिट आले कुठून? हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो. मुलांना सुट्टी लागली, तीन खोल्यांतले तीन पंखे रोज दहा तास जादा फिरले, तर २२५० वॅट-तास होतात. बरोबर सव्वादोन युनिट!

पण हा माझा अंदाज झाला. खरं काय ते तुमचा मीटरच सांगेल. खाली मीटरच्या खोलीत जा. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी बारीक अक्षरात बहुतेक वेळा ३२०० असा आकडा असतो. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून दहा लुकलुकी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि ११२५० ला त्या सेकंदांनी भागा. येईल तो आकडा म्हणजे त्या क्षणी घरात चाललेले वॅट. पन्नास सेकंद लागले तर २२५ वॅट, म्हणजे तुमचे तीन पंखे. घरात कुणाला तरी फोनवर ठेवा. एकेक वस्तू चालू-बंद करायला सांगा आणि फरक वहीत लिहा. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधेच चालू-बंद होतो, म्हणून तेवढा वेळ फ्रिज बंद ठेवा.

शेवटी घरातला मेन स्विच पाडा. आता दिवा लुकलुकायला नको. आमच्या गिरगावच्या जुन्या बिल्डिंगमध्ये मी हे केलं तेव्हा मेन बंद असूनही दर साडेबावीस सेकंदांनी दिवा लागत होता. म्हणजे पन्नास वॅट. मी तिथेच उभी राहून विचार करत होते आणि समोर जिन्यातली जुनी चोकवाली ट्यूब जळत होती. ती बंद करायला लावली आणि दिवा थांबला. कधीकाळी कुणा वायरमनने पॅसेजची ट्यूब आमच्या मेनच्या आधीच जोडून ठेवली होती. ती रात्रंदिवस चालायची, म्हणजे महिन्याला ३६ युनिट. सोसायटीला वहीतले आकडे दाखवले तेव्हा ती कॉमन मीटरवर गेली. तुमच्याकडेही मेन पाडून दिवा लुकलुकत राहिला तर चांगला वायरमन बोलवा. आणि सगळं मोजूनही हिशोब लागला नाही, तरच मीटर तपासणीचा अर्ज करा.

पंख्यांवर मी एवढी का बोलते? कारण मुंबईत घाम वर्षभर सुटतो. जानेवारीतले थोडे दिवस सोडले तर पंखा बंद होत नाही. लोक बल्ब बदलतात आणि थांबतात. नऊ वॅटच्या एलईडीत आता वाचवायला काही उरलेलं नाही. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, ३० वॅटच्या आसपास घेतो. तुमचे तीन पंखे रोज अठरा तास चालतात असं धरलं, तर दिवसाला २.४ आणि महिन्याला ७३ युनिट वाचतात. तिन्ही एकदम घेऊ नका. जो सगळ्यात जास्त फिरतो, बहुतेक बेडरूमचा, तो आधी बदला. त्याला जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून सरळ स्विचवर जोडायला सांगा.

बाकीचं थोडक्यात. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी वीज खातच राहतो, तो बटणापासून बंद करा. फ्रिजच्या दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा, सहज निघाला तर रबर सैल झालंय. गीझर आंघोळीच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच लावा. आपल्या नळाचं पाणी मुळात फार गार नसतं. पैसे वाचवायला म्हणून बंद बाथरूममध्ये गॅस गीझर मात्र अजिबात लावू नका, त्यातल्या विषारी वायूने माणसं दगावली आहेत.

दर रविवारी सकाळी एकाच वेळी रीडिंग वहीत लिहायला लागा. मी गेली सात वर्षं लिहिते आहे. चार रविवार झाले की आकडे इथे टाका. मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल तर तोही लिहा, ११२५० ही संख्या त्याप्रमाणे बदलते. १६०० असेल तर ती २२५०० होईल.