बाग तारण ठेवण्याआधी

पत्र : “मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला परदेशात ‘पीस अँड कॉन्फ्लिक्ट स्टडीज’मध्ये एम.ए. करायचंय. एजंटनं इंग्लंडचं एक विद्यापीठ सुचवलंय, खर्च ३० ते ३५ लाख सांगतो. द्राक्षबाग तारण ठेवायची माझी तयारी आहे. मी रोटरी क्लबचा सदस्य आहे, त्यांची शिष्यवृत्ती मिळेल का? आणि शिकून झाल्यावर यूएनमध्ये नोकरी लागते का?” – एक पालक, तासगाव

नमस्कार.

रोटरीचं आधी सांगते, कारण तुमची बरीच भिस्त त्यावर दिसते. रोटरीची ‘पीस फेलोशिप’ खरोखर मोठी आहे. फी, राहणं-जेवण, विमानाचं तिकीट सगळं त्यात येतं. स्वीडनमधलं उप्साला, इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड, टोकियोतली इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटी अशा ठिकाणी ती घेऊन शिकता येतं. पण रोटरी सदस्यांची मुलं आणि नातवंडं तिला पात्र नसतात. तुमचं सदस्यत्व तिच्या आड येतंय. ते सोडलं तरी ३६ महिने हा नियम लागू राहतो.

त्याच फेलोशिपची दुसरी अट म्हणजे संबंधित कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव. म्हणजे ती आत्ता अर्ज करूच शकत नाही. तुम्ही यंदा सदस्यत्व सोडलंत आणि ती यंदा कामाला लागली, तर दोन्ही मुदती साधारण एकदमच संपतील. क्लब सोडा असं मी म्हणणार नाही. तिथं तुमची माणसं असतील, वर्षानुवर्षांचं काम असेल. फक्त हा हिशोब आज माहीत असू द्या, आणि नियम तुमच्या रोटरी डिस्ट्रिक्टच्या फाउंडेशन समितीकडून लेखी तपासून घ्या.

आता बागेचं. कृपा करून ठेवू नका तारण. या विषयातली पदवी अनुभवाशिवाय फार कमी दारं उघडते. यूएनच्या बहुतेक पदांसाठी कामाची वर्षं मोजतात, तिथली इंटर्नशिप सहसा बिनपगारी असते, आणि निळ्या टोप्या घालून जाणारे शांतिसैनिक त्या त्या देशांच्या लष्करातून आणि पोलिसांतून जातात. या पदवीची माणसं प्रामुख्यानं संशोधन संस्थांत, मदतकार्य करणाऱ्या संघटनांत, मध्यस्थीच्या प्रकल्पांत लागतात, पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांच्या करारावर. अशा पगारावर ३५ लाखांचे हप्ते, आणि एक अवकाळी पाऊस द्राक्षं घेऊन जातो. हे तुम्हाला मी काय सांगायचं!

विषय मात्र फार मोलाचा आहे, तिला परावृत्त करू नका. ओस्लोत १९५९ साली शांतता संशोधनाची संस्था उभी करणाऱ्या योहान गाल्टुंग यांनी ‘संरचनात्मक हिंसा’ ही कल्पना मांडली. कुणी कुणावर हात उचलत नाही, तरी व्यवस्थाच अशी असते की काहींच्या वाट्याला पाणी, औषध, शाळा येत नाही. जत तालुक्याच्या पूर्व भागातली गावं पाण्यासाठी ‘आम्ही कर्नाटकात जातो’ म्हणतात, तेव्हा हाच प्रश्न समोर असतो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ करण्याचा वाद तर सांगली-कोल्हापूरकरांना पुराच्या पाण्यात उभं राहून कळलेला आहे.

तिची आवड तपासायला एक काम द्या. उप्साला विद्यापीठाचा या विषयाचा विभाग जगभरच्या संघर्षांची नोंद ठेवतो. लढाईत वर्षाला किमान २५ मृत्यू झाले तर तो सशस्त्र संघर्ष, १००० झाले तर युद्ध, अशी त्यांची व्याख्या आहे. माणसं बातम्या वाचून एकेक घटना तारीख, ठिकाण, मृतांचा आकडा अशी लिहीत बसतात. ही आकडेवारी फुकट उतरवून घेता येते. तिला गडचिरोलीच्या नोंदी वेगळ्या काढून, त्यातून काय दिसतं ते दोन पानांत लिहायला सांगा. कंटाळली तर विषयाचा पुन्हा विचार करावा लागेल. रात्री जागून करत बसली, तर तिला संख्याशास्त्राची शिकवणी लावा. राज्यशास्त्राच्या मुलांचं तिथंच अडतं.

३ वर्षं काम कुठं करायचं? आर. आर. पाटील तुमच्याच तालुक्यातले. गृहमंत्री असताना २००७ साली त्यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावोगावच्या त्या समित्यांनी बांधाचे, वाटणीचे तंटे कसे मिटवले, कुठं बाईला गप्प बसवून ‘तडजोड’ झाली, हे कुणीतरी नीट बसून लिहायला हवं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक होता येतं. पुण्यातली ‘सोपेकॉम’ ही संस्था पाणीतंट्यांवर काम करते, तिथं विचारावं. सोबत फ्रेंच सुरू करावं. मदतकार्याच्या नोकऱ्यांत त्याचा फार उपयोग होतो.

२ वर्षांच्या अनुभवावर ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो. त्यात बिनपगारी काम धरतात, मात्र नंतर २ वर्षं मायदेशी परतावं लागतं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही (बाडेन-वुर्टेनबर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात), तरी राहण्याच्या खर्चाइतके पैसे जवळ आहेत हे दाखवावं लागतं. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असाल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर बघा. लगेचच एम.ए. करायचं असेल तर दिल्लीत जामिया मिल्लियाच्या नेल्सन मंडेला केंद्रात हाच विषय आहे, तोही परदेशाच्या मानानं अगदी थोड्या फीत.

एक राहिलं. तुमच्या पत्रात बाग आहे, क्लब आहे, एजंट आहे. तिला हा विषय का हवाय ते कुठंच नाही. बहुतेक शिष्यवृत्त्यांच्या अर्जात हा प्रश्न असतोच. परीक्षा झाली की पुढचं पत्र तिला स्वतः लिहू द्या, मराठीतच लिहिलं तरी चालेल.