पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली एकाच ट्रिपमध्ये करायचंय, तर शेंगेन व्हिसा कुठल्या देशाकडे मागायचा?

तुमचा प्लॅन वाचला. पॅरिस 3 रात्री, स्वित्झर्लंड 5, इटली 4, सोबत आई, आणि एजंट म्हणतोय की स्विसची अपॉइंटमेंट मिळत नाहीये तर दुसऱ्याच कुठल्यातरी देशाचा व्हिसा काढू, आत गेल्यावर सगळं एकच. प्लीज तसं करू नका.

नियम सरळ आहे, जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे. म्हणजे तुमचा अर्ज स्वित्झर्लंडकडेच जातो, तुम्ही पॅरिसला उतरलात तरी. युरोपियन युनियनमध्ये नसला तरी तो देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपियन देशांच्या गटात आहे त्यामुळे 29 देशांत एकच व्हिसा चालतो हे एजंटचं खरंय, पण जिथे जायचंच नाही तिथली खोटी हॉटेलं दाखवून व्हिसा घेतला आणि विमानतळावर बुकिंग बघायला मागितलं तर तो जागेवर रद्द होऊ शकतो. आईंना घेऊन तिथे उभं राहायची वेळ कशाला आणायची?

अपॉइंटमेंटसाठी प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटची मुदत 15 दिवस आधी पण तेवढं ताणू नका, कारण निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात आणि कधी 45 पर्यंत जातात. मे महिन्यात जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच सुरुवात करा, उन्हाळ्याच्या सुट्टीत अख्खा महाराष्ट्र तिकडेच निघालेला असतो.

फी मोठ्यांना 90 युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा चार्ज, नकार आला तरी परत मिळत नाही. म्हणून कागद नीट लावा. बँक स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आधी आठवडाभर अचानक मोठी रक्कम आलेली दिसली की शंका येते, त्यापेक्षा पगार, आयटीआर, ऑफिसचं रजेचं पत्र हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. आईंचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र आणि नातं दाखवणारा कागद जोडा. कव्हर लेटरमध्ये रोज कुठे मुक्काम, एका शहरातून दुसऱ्या शहरात कसं जाणार हे तारखेनिशी लिहा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यावा, बहुतेक लोक नेटवरचा नमुना तसाच्या तसा उचलतात आणि मग तारखा हॉटेल बुकिंगशी जुळत नाहीत.

आणि हो, मध्येच लंडनला जाऊन परत युरोपात यायचा विचार असेल तर सिंगल एन्ट्री, म्हणजे एकदाच आत जाता येणारा व्हिसा चालणार नाही, लंडन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा आणि शेंगेनचा निदान डबल एन्ट्री लागेल.

इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा, सगळ्या दिवसांचा हवा. आईंना बीपी-शुगर असेल तर ते इन्शुरन्सच्या फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा आणि आधीपासूनच्या आजाराला पॉलिसीत काय कव्हर आहे ते विकत घेण्याआधी वाचून घ्या, नाहीतर तिकडे दवाखान्यात गेल्यावर क्लेम अडकतो.