फोटोशॉपमध्ये लग्नाचे सगळे फोटो एकदम लहान करून, लोगो टाकून सेव्ह करता येतात काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाचे सातआठशे फोटो, प्रत्येक उघडायचा, इमेज साइझमध्ये आकडा टाकायचा, कोपऱ्यात लोगो चिकटवायचा, सेव्ह करायचा. ॲक्शन (एकदा केलेल्या पायऱ्या रेकॉर्ड करून पुन्हा चालवायची सोय) बनवून पाहिली तर निम्मे फोटो बरोबर आले आणि निम्मे भलतेच मोठे. तर हे एकदम होतं काय?

होतं. बाहेरचं काही विकत घ्यायची गरज नाही, सगळं फोटोशॉपमध्येच आहे. ॲक्शन ही सोय तर १९९६ च्या फोटोशॉप ४ पासूनची. तरी तालुक्याच्या गावातले अर्धेअधिक स्टुडिओवाले अजून हातानेच करून राहिले.

माझा स्टुडिओ विदर्भातल्या लाखांदूर-वडसा पट्ट्यात आहे. दिवाळी झाली की इकडे झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, आणि नाटकं सरता सरता लग्नं. नाटक पहाटे सुटतं आणि मंडळवाल्यांचा फोन चहाच्या आधी येतो, "भाऊ, ग्रुपवर फोटो टाकले काय?" हाताने रिसाईज करत बसलो तर हे जमणारच नाही.

आधी तुमचे निम्मे फोटो का बिघडले ते बघू. ॲक्शन रेकॉर्ड करताना तुम्ही समोरच्या आडव्या फोटोला रुंदी १६०० पिक्सेल दिली असणार. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा ६००० बाय ४००० चा फोटो त्याने १६०० बाय १०६७ झाला, छान. पण नवरीचा उभा फोटो ४००० बाय ६००० चा. त्याचीही रुंदीच १६०० झाली, म्हणून उंची गेली २४०० वर. ॲक्शनला उभं-आडवं समजत नाही, तिला फक्त तुम्ही दिलेला आकडा माहीत असतो.

म्हणून ॲक्शनमध्ये इमेज साइझ वापरूच नका. फाइल मेनूत ऑटोमेट, त्यात फिट इमेज आहे. तिथे रुंदी १६०० आणि उंचीही १६०० टाका. माझ्याकडे शिकायला येणारा प्रत्येक पोट्टा इथे हटकून विचारतो, "दादा, फोटो चौकोनी नाही होणार?" नाही होणार. त्याचा अर्थ एवढाच, की फोटो १६०० च्या चौकटीत बसवायचा आणि प्रमाण तसंच ठेवायचं. आडव्याची रुंदी १६०० होते, उभ्याची उंची. नव्या आवृत्त्यांत त्याच खिडकीत लहान फोटो मोठा न करण्याची खूण आहे, ती लावून ठेवा. नाहीतर पाहुण्यांच्या मोबाईलमधून आलेले बारके फोटो ताणले जाऊन फुटतात.

नुसतं लहान करायचं असेल, लोगो नको असेल, तर ॲक्शनचीही गरज नाही. फाइल, स्क्रिप्ट्स, इमेज प्रोसेसर. वर फोल्डर निवडा, त्याखाली कुठे सेव्ह करायचं ते सांगा, मग जेपेगवर खूण करून क्वालिटी ८ किंवा ९ ठेवा (इथला आकडा १२ पर्यंत जातो, पण मोबाईलच्या पडद्यावर १२ आणि ९ मधला फरक नवरदेवाच्या मामालाही दिसत नाही), रिसाईज टू फिटमध्ये दोन्हीकडे १६०० आणि एसआरजीबीमध्ये (मोबाईल-इंटरनेटला चालणारी रंगांची पद्धत) बदलायची खूण. ही शेवटची खूण बरेच जण सोडून देतात. कॅमेरा ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीवर असला की मग काही मोबाईलवर हळदीचा पिवळा मरगळलेला दिसतो आणि दोष आपल्या एडिटिंगला लागतो. रन दाबलं की ठेवलेल्या जागी जेपेग नावाचं फोल्डर तयार होतं आणि त्यात सगळे लहान फोटो येतात. मूळ फोटोंना धक्का लागत नाही. तेच काम चुकून दुसऱ्यांदा चालवलं तरी आधीच्या फाइलवर नवी बसत नाही, वेगळ्या नावाने सेव्ह होते. खाली सेव्हचं बटण आहे, त्याने हे सगळे आकडे साठवून ठेवता येतात, पुढच्या वेळी लोड करायचे.

आता लोगो. खरी गंमत इथे आहे, आणि बहुतेकांची ॲक्शन इथेच फसते. लोगो माऊसने ओढून कोपऱ्यात नेला तर आडव्या फोटोत तो नीट बसतो आणि उभ्यात बाहेर जातो किंवा मध्येच लोंबकळतो. तेव्हा ओढायचं नाही. लोगोची पीएनजी फाइल आधीच १६०० च्या फोटोला शोभेल एवढी, म्हणजे तीनेकशे पिक्सेल रुंद बनवा.  मग एक फोटो उघडा, रेकॉर्ड सुरू करा आणि या क्रमाने जा: आधी फिट इमेज, मग फाइल मेनूतून प्लेस एम्बेडेड करून लोगो आणा आणि एंटर, मग कंट्रोल-ए ने पूर्ण फोटो सिलेक्ट, मग लेयर मेनूत अलाइन लेयर्स टू सिलेक्शनमधून उजवी कड आणि पुन्हा तिथूनच खालची कड. कडेपासून थोडं अंतर हवं असेल तर कंट्रोल-डी ने सिलेक्शन काढून मूव्ह टूलवर बाणाच्या बटणांनी लोगो आत सरकवा. रेकॉर्ड बंद. आता फोटो कसाही असो, लोगो उजव्या खालच्या कोपऱ्यातच चिकटणार, कारण तुम्ही त्याला जागेचा आकडा दिलाच नाही, कड सांगितली.

ॲक्शनमध्ये सेव्ह किंवा क्लोज रेकॉर्ड करू नका. पुन्हा इमेज प्रोसेसर उघडा, यावेळी रिसाईजची खूण काढा (ते काम ॲक्शनमध्ये आलंच आहे), सगळ्यात खाली रन ॲक्शनवर खूण करून तुमची ॲक्शन निवडा. सेव्ह करायचं काम इमेज प्रोसेसर बघून घेतो. लोगोची फाइल मात्र एकदा ठेवली तिथून हलवायची नाही. प्लेसची पायरी फाइलचा पत्ता लक्षात ठेवते आणि पत्ता बदलला की ॲक्शन तिथेच अडते. डेस्कटॉप साफ करायचा उत्साह असणारा मदतनीस असेल तर लोगो दुसऱ्या ड्राइव्हवरच ठेवा.

इंटरनेटवर बरेच जण ऑटोमेटमधली बॅच (पूर्ण फोल्डरवर ॲक्शन चालवायची सोय) वापरा म्हणतात. वापरा, पण डोळे उघडे ठेवून. तिथे डेस्टिनेशनमध्ये सेव्ह अँड क्लोज निवडलं की लहान फोटो मूळ फोटोवरच जाऊन बसतात, आणि लग्न काही पुन्हा लागत नाही. दुसरं म्हणजे ओव्हरराइड ॲक्शन सेव्ह ॲज ही खूण. ती लावली आणि ॲक्शनमध्ये सेव्ह ॲजची पायरीच नसली, तर फोटो भराभर उघडतात, बंद होतात आणि फोल्डर रिकामंच राहतं. रोजच्या कामाला इमेज प्रोसेसर बरा, असं माझं मत. एकाच फोल्डरमध्ये पाचसहा उभे-आडवे, एखादा मोबाईलचा, असे मिसळून आधी चालवून बघा, मगच पूर्ण लग्न लावा.

फॉर्मसाठीच्या पासपोर्ट फोटोंचंही तुम्ही विचारलंय. ते पूर्ण मशीनवर सोडू नका. चेहरा कुठे कापायचा हे डोळ्यानेच ठरवावं लागतं. पण अर्धं काम ॲक्शनला देता येतं. ॲक्शनच्या पायरीच्या डावीकडे दोन बारके चौकोन असतात, त्यातला दुसरा क्रॉपच्या पायरीपुढे चालू करा. ॲक्शन तिथे थांबते, तुम्ही चौकट चेहऱ्यावर बसवता, एंटर मारता आणि पुढचं ती स्वतः करते: ३५ बाय ४५ मिलिमीटर, म्हणजे ३०० डीपीआयला (छापताना इंचाला ३०० ठिपके) ४१३ बाय ५३१ पिक्सेल, पांढरी किनार, चार बाय सहाच्या कागदावर आठ प्रती. ही ॲक्शन एफ-२ ते एफ-१२ पैकी एखाद्या बटणावर लावून द्या. भरतीच्या दिवसांत दुकानापुढे रांग लागते तेव्हा त्या एका बटणाची किंमत कळते.

ऑनलाइन फॉर्ममध्ये अडचण केबीची असते. आयबीपीएसच्या बँक परीक्षांना फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी लागतो, सही १४० बाय ६० आणि १० ते २० केबी. क्वालिटीचा आकडा पक्का केला म्हणून केबी पक्के होत नाहीत, चेकच्या शर्टचा फोटो साध्या शर्टापेक्षा जड होतो. एकेका फोटोला सेव्ह फॉर वेबमध्ये ऑप्टिमाइझ टू फाइल साइझ आहे, तिथे केबी सांगता येतात.

रॉमध्ये, म्हणजे जेपेगऐवजी कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, शूट करत असाल तर हे सगळं फोटोशॉपऐवजी लाइटरूम क्लासिकमध्ये करा. एक्सपोर्टमध्ये लाँग एज १६०० म्हटलं की उभ्या-आडव्याचा प्रश्न मिटला, वॉटरमार्क कोपऱ्याला बांधता येतो, फाइल किती केबीच्या आत हवी तेही सांगता येतं, आणि एक्सपोर्ट प्रीसेट करून ठेवला की झालं. फोटोशॉपच नसेल तर इरफानव्ह्यू या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये बी दाबलं की बॅचची खिडकी येते. जुन्या कॉम्प्युटरवरही ते पळतं, फक्त खाजगी वापराला फुकट आहे, धंद्याला परवाना घ्यावा लागतो. गिंप हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र धंद्यालाही फुकट.

आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे आठशेचं एक फोल्डर लावू नका. मांडव, हळद, लग्न, रिसेप्शन असे तुकडे करा. झालेले फोटो एकेक करून सेव्ह होत असतात, तेवढे वाचतात. मशीन जुनी असेल तर प्रेफरन्सेसमध्ये हिस्टरी स्टेट्स (मागे जाण्यासाठी साठवलेल्या पायऱ्या) कमी करा आणि हिस्टरी पॅनेलमधला आपोआप स्नॅपशॉट बंद करा, वेगात फरक पडतो.

लहान फोटोंच्या फोल्डरला व्हॉट्सॲप असंच नाव द्या आणि ते अल्बमच्या फोल्डरपासून लांब ठेवा. १६०० पिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयला जेमतेम सव्वापाच इंच होतो. बारा बाय छत्तीसच्या अल्बमसाठी चुकून तोच नागपूरच्या लॅबला गेला तर पानभर फुटलेला नवरदेव छापून येतो.