लोक जास्त मुलं जन्माला घालतात, म्हणूनच लोकसंख्या वाढते ना? आणखी कोणते घटक असतात?

मी लोकसंख्याशास्त्र शिकवते. पहिल्या तासाला वर्गातूनही हेच उत्तर येतं. पण आकडे जवळजवळ उलटं सांगतात. 1950 च्या सुमारास जगात एका बाईला सरासरी पाच मुलं होत, आज अडीचपेक्षाही कमी होतात. तरी अडीचशे कोटींचं जग 2022 मध्ये 800 कोटींवर गेलं. मुलं निम्म्याहून कमी आणि माणसं तिपटीहून जास्त, हे घडलं कारण मृत्यू कमी झाले.

पूर्वी बाळंतपणं भरपूर होत, पण जवळपास निम्मी मुलं पंधरा वर्षांची व्हायच्या आतच जात. त्यामुळे पहिले 100 कोटी व्हायला साधारण 1804 उजाडलं. शेवटचे 100 कोटी अवघ्या 11 वर्षांत वाढले. मधल्या काळात शुद्ध पाणी आलं, देवीची लस, प्रतिजैविकं आणि रासायनिक खतांवर वाढलेलं धान्य आलं.

मला यात सगळ्यात मोठी वाटते ती मीठ-साखरेच्या पाण्याची गोष्ट. 1971 साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन पुरेनासं झालं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज घातलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णाच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. पुढे 1980 च्या दशकात बांगलादेशात ब्रॅक संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी गेल्या आणि आयांना शिकवत राहिल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी.

मुलं वाचली म्हणून लोकसंख्या फुगली का? काही काळ, हो. पण त्याच बांगलादेशात 1970 च्या दशकात बाईमागे सहा-सात मुलं होती, ती आज दोनच्या आसपास आहेत. झालेलं मूल जगेल याची खात्री वाटू लागली की 'एखादं जास्त असू दे' हा हिशोब गळून पडतो. अर्थात नुसत्या खात्रीने भागलं नसतं. गर्भनिरोधकं घेऊन दारात येणारी बाई, मुलींची शाळा, बाईची स्वतःची कमाई हे सगळं जोडीला होतं. मुली जितकी जास्त वर्षं शाळेत राहतात तितकं लग्न लांबतं, पहिलं बाळंतपण लांबतं आणि मुख्य म्हणजे घरात त्यांच्या शब्दाला वजन येतं. माझ्या मते जननदर ठरवणारा सगळ्यात मोठा घटक हाच.

सक्तीने काय होतं ते रुमानियात दिसलं. लोकसंख्या वाढावी म्हणून 1966 मध्ये तिथल्या सरकारने गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. 1967 मध्ये जन्म दुप्पट झाले, मग काही वर्षांतच पुन्हा उतरले. मधल्या मधे चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका मेल्या. दुसऱ्या टोकाला दक्षिण कोरिया. तिथे सरकार पैसे देतं, तरी 2023 मध्ये बाईमागे सरासरी 0.72 मूल. घरांच्या किमती, कामाचे तास आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च यांपुढे ते पैसे अपुरे पडतात.

स्थलांतराने अख्ख्या जगाचा आकडा हलत नाही, पण एखाद्या देशाचा पार बदलतो. संयुक्त अरब अमिरातीत दहातले जवळपास नऊ जण बाहेरून आलेले आहेत.

एक घटक मात्र हमखास सुटतो, तो म्हणजे वयोरचना, कोणत्या वयाची किती माणसं आहेत ते. समजा एखाद्या देशात निम्मी माणसं विशीच्या आतली आहेत आणि उद्यापासून प्रत्येक जोडप्याला दोनच मुलं झाली. तरीही तिथली लोकसंख्या पुढची चाळीस-पन्नास वर्षं वाढत राहील. कारण आई-बाप होण्याच्या वयात येणारे खूप आणि म्हातारे थोडे, म्हणजे जन्म जास्त, मृत्यू कमी. याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. जननदर इतका उतरूनही जग अजून वाढतंय ते मुख्यतः यामुळेच. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अंदाजानुसार 2080 च्या दशकात साधारण 1030 कोटींवर ही वाढ थांबेल. म्हणून एखाद्या देशाची लोकसंख्या वाढतेय असं वाचलंत, तर आधी तिथला वयोगटांचा मनोरा शोधून बघा, म्हणजे तळाशी लहान मुलं आणि वर म्हातारे अशी वयाप्रमाणे माणसं मांडलेली आकृती. वीस-तिशीतल्या माणसांचा पट्टा रुंद असेल, तर ती वाढ वीस-तीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणांची असू शकते, आजच्या जोडप्यांची नव्हे.